आभाराचा फ्लेक्स

झोळी रिकामी वर आली तेव्हा आधी मला हायसं वाटलं. दुपारची वेळ होती, पाऊस जरा उघडला होता, आणि मी अंगणाच्या कडेला उभी राहून खालची पायवाट बघत होते. सकाळी याच वाटेनं चौघांनी आक्कांना घोंगडीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन खाली नेलं होतं. दरड आल्यामुळं रस्ता बंद होता आणि गाडी दरडीच्या पलीकडं थांबणार होती. आमचे हे, ज्यांना वाडी दादा म्हणते, त्यांच्याबरोबर गेले होते. आता तोच बांबू शेजारच्या शंकरच्या खांद्यावर होता आणि ओली घोंगडी त्याला गुंडाळलेली होती. म्हणजे गाडी मिळाली, आक्का दवाखान्यात पोचल्या, असं मी मनात धरलं आणि चहाचं आधण ठेवायला आत वळले. तर शंकरनं लांबूनच हाक मारली, "वयनी, च्या नगं." मग जवळ येऊन तो माझ्याकडं न बघता बांबूकडं बघत बोलला, "वाटंच्या मोडणावर रेंज आली तवा दादांचा फोन लागला. नसरापूर यायच्या आदीच... आक्का गेल्या."

मी काही बोलले नाही. शंकरलाही त्याचं नवल वाटलं नाही. मला बोलता येत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. चार माणसं जमली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. इतकी वर्षं माझ्या वाटचं बोलणं आक्काच बोलत आल्या. आता त्या नाहीत, म्हणून हे लिहितेय. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे, असं आक्का म्हणायच्या.

अनुसया आक्का माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा त्या इथं चांगल्या रुळलेल्या होत्या, पण इथल्या झालेल्या नव्हत्या. त्यांचं माहेर उत्रोली, भोरच्या जवळ. सपाट भातखाचरं, मोकळं अंगण, शेजारी गाव. आमची वाडी वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. इकडं पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. झड लागली की लिंपण धुऊन जातं. म्हणून आखाड लागायच्या आत आम्ही घराची पावसाकडची सगळी बाजू बांधून घेतो. पेंढा, पळसाची पानं, जुनी ताडपत्री, मिळेल ते. मग चार महिने त्या बाजूनं उजेड नाही, वारा नाही. आत चूल, चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकलेली ओली लाकडं, पलीकडं दोन बैलं, आणि आम्ही. धुराला जायला वाटच नसते, तो आमच्यातच राहतो. मी असल्याच घरात वाढलेली, मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण आक्का पहिल्याच पावसाळ्यात मला म्हणाल्या, "मंदे, माझ्या माह्यारी चुलीपाशी बसलं की आभाळ दिसायचं गं. हितं म्या सासरी आले का पेटीत आले, त्येच कळंना." आणि आपणच खोकत खोकत हसल्या.

हसणं त्यांचं फार. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तरी घरात आवाज असायचा तो त्यांचाच. बाजाराला नसरापूरला गेलो की मी पदर धरून मागं उभी राहायची. दुकानदार विचारायचा, "ह्या बाईस्नी काय पायजे?" तर आक्का म्हणायच्या, "तिला इचारू नगंस. ती बोलत न्हाई, पर मनात तुझा भाव करून बसलीया." मग मला खरंच हसू यायचं, आणि मला बांगड्या हव्यात की खोबरं, हे आक्कांना न सांगता कळायचं.

खोकला आधी पावसाळ्यातलाच होता. मग तो दिवाळीपर्यंत राहायला लागला, मग जाईनासाच झाला. नसरापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती धुरानं भरलीय, बाई चुलीपाशी बसू नका. आक्का घरी येऊन म्हणाल्या, "बसू नको म्हन्तोय. मग काय उबं ऱ्हाऊन सैपाक करू?" त्याच सुमारास पाऊसही बदलला होता. आधी तो दिवसभर रिपरिप पडायचा, आता सगळा एकदम कोसळायचा. रोपं कुजायची, कापलेलं भात पाण्यात तरंगायचं, डोंगर सुटून रस्त्यावर यायचा. विजेचा एक खांब पडला की अख्खी वाडी दिवसच्या दिवस अंधारात. खाली धरणावर वीज तयार होते, तिच्या तारा आमच्या डोक्यावरून जातात. पावसात त्या तारांखाली उभं राहिलं की त्यांची गुणगुण ऐकू येते. आक्का वर बघून म्हणायच्या, "जा बाई, जा. तुला काय, हितं उतरायचं न्हाई."

तेव्हा पुण्याच्या एका संस्थेतल्या स्वातीताई वाडीत यायला लागल्या. देवळात बायकांना बसवून त्यांनी सांगितलं, की हवामानाचा आणि स्वच्छ विजेचा एक कायदा विधानसभेत व्हायला पाहिजे. डोंगरातल्या प्रत्येक वाडीला तिथल्याच ओढ्यावर पावसाळ्यात आणि तिथल्याच उन्हावर उन्हाळ्यात वीज, घराघरात बिनधुराची चूल, आणि डोंगर फोडायचा तर आधी दरडीची तपासणी. बाकीच्या बायका मान हलवत होत्या. आक्कांनी एकच विचारलं, "ह्ये झालं म्हंजी मागाय जायाचं न्हाई?" ताई म्हणाल्या, "नाही. कायद्यानं द्यावंच लागेल. हक्क असेल तुमचा." घरी आल्यावर चुलीत फुंकर मारता मारता आक्का म्हणाल्या, "मंदे, आपन आजपतूर समदं मागूनच घेतलं की गं."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही भोरला निघालो. नसरापूरला एस्टी बदलली, कापूरहोळच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा आक्कांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून मोकळा श्वास घेतला. आमदारसाहेबांच्या कार्यालयात पुष्कळ माणसं. आमचा नंबर आला तसे साहेब म्हणाले, "बोला आक्का, काय काम काढलं?"

"सायेब, कायदा करा."

सगळे हसले. साहेबही हसले, पण वाईट हसले नाहीत. आक्कांनी ओढ्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, धुराचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मागं वळून म्हणाले, "अरे, आक्कांच्या घरी लाईटीचा त्रास आहे. सोलरचा कंदील द्या त्यांना एक."

"कंदील नगं सायेब. कायदा..."

पण कंदील आला, आणि आक्कांच्या हातात ठेवून कुणीतरी फोटोही काढला. येताना एस्टीत त्या तो कंदील मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हात जोडाय गेलते, तर हातात कायतरी ठिवलं. आता जोडू कशी?" पुढल्या खेपेला गॅसची शेगडी आणि टाकी मिळाली. रस्ता बंद झाला की टाकीचा टेम्पो वर येत नाही, आणि कंदिलाला आषाढात ऊन मिळत नाही. वाडीतल्या बायका आक्कांना म्हणायला लागल्या, "तुला मिळालं की, आता वरडतीस कशाला?" आक्का म्हणायच्या, "मला मिळालं म्हनूनच तर वरडते. तुला कुठं मिळालं?"

मग एका पावसाळ्यात साहेबच वाडीत आले, दरडीची पाहणी करायला. पाऊस असा, की छत्री उलटी होत होती. आक्का सरळ जाऊन पुढं उभ्या राहिल्या. "सायेब, दारात आलाय, च्या घेतल्याबिगर जाऊ न्हाई." नाही कसं म्हणणार? साहेब वाकून आत आले. त्यांना चुलीसमोर पाटावर बसवलं. पाऊस आत येतो म्हणून दार लोटलं. मी फुंकणीनं जाळ करत होते आणि ओलं लाकूड नुसतं धुमसत होतं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बरोबरचा माणूस म्हणाला, "साहेब, बाहेर बसू या." आक्का म्हणाल्या, "बाहीर पाऊस हाय. आमी चार म्हयनं हितंच असतो. येक कप च्या तर घ्या." साहेबांनी चहा पुरा प्यायला, खोकत खोकत. उठताना म्हणाले, "आक्का, तुम्ही मला कोंडलं की."

"म्या न्हाई कोंडलं सायेब. म्या बी तुमच्यासंगंच कोंडलीया."

साहेब दारात थांबले. रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बोलतो मी सभागृहात." आणि ते खरंच बोलले. स्वातीताईंनी आम्हाला मोडणावर नेऊन मोबाईलवर दाखवलं. साहेब उभे राहून सांगत होते, डोंगरातल्या माउलीच्या चुलीचा धूर मी डोळ्यांनी पाहिलाय. आक्कांनी मोबाईल इतका जवळ धरला होता की नाक टेकत होतं. म्हणाल्या, "डोळ्यांनी पाह्यलाय म्हन्तोय. डोळ्यांत गेलाय म्हन की बाबा!" पण त्या दिवशी त्या खूश होत्या. तशा मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

कारण पुढं जे झालं ते आमच्याच लोकांनी केलं. कायदा सभागृहात नुसता मांडला गेला होता, मंजूर झाला नव्हता. पण वाडीत बातमी पोचेपर्यंत तो झालेलाच होता. सरपंचांनी सत्कार ठरवला. देवळासमोर मांडव, हलगी, शाल-श्रीफळ, आणि मांडवाच्या तोंडाशी हा मोठा फ्लेक्स. साहेबांचा हसरा फोटो आणि खाली अक्षरं, 'डोंगरी भागासाठी स्वच्छ विजेचा कायदा मंजूर केल्याबद्दल मा. आमदारसाहेबांचे जाहीर आभार!' कडेला गावातल्या मंडळींचे गोल गोल फोटो, आणि अगदी कोपऱ्यात आक्कांचा. तो आधारकार्डावरचा काढून मोठा केलेला, म्हणून त्यात त्या घाबरल्यासारख्या दिसतात. आक्का सरपंचांना म्हणाल्या, "भावजी, आवो झाला न्हाई अजून. मांडलाय नुसता." सरपंच म्हणाले, "आक्का, मांडला म्हंजी झालाच. सायेब खूश झालं तर लवकर हुईल. तुमी ववाळा फकस्त."

मग आक्कांनी ओवाळलं. पाच जणांपुढं नाही कसं म्हणायचं. साहेबांनी ताटात ओवाळणी टाकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेब भाषणात म्हणाले की तुमचे आभार मी कधी विसरणार नाही.

आमच्याकडं ज्याचे आभार मानले त्याच्याकडं त्याच कामासाठी पुन्हा जात नाहीत. ते त्याला खोटं पाडल्यासारखं होतं. आक्का तरीही गेल्या. भोरच्या कार्यालयात आता सगळे त्यांना ओळखत होते, उठून खुर्ची देत होते. पण बोलायला लागल्या की म्हणायचे, "आक्का, त्याचा तर सत्कार झाला ना? तुम्हीच ओवाळलंत!" आणि खरंच, ओवाळलं होतं. कायदा कुठंतरी समितीकडं गेला होता. तो तिथं काय करत होता हे कुणाला सांगता येत नव्हतं. एकदा परत येताना आक्का म्हणाल्या, "च्याच्या येळला म्या त्येस्नी कोंडलं. सत्काराला त्येंनी मला. माझंच दार बरं हुतं, उगडता तरी येत हुतं."

फ्लेक्स मांडवाबरोबर उतरला. आमच्याकडं फ्लेक्स कुणी टाकत नाही, पावसाला त्याच्यासारखं काही नाही. सरपंचांच्या गोठ्यावर तो जायचा होता, पण आक्कांनी मागून आणला आणि त्या वर्षी स्वयंपाकघराची पावसाकडची भिंत त्यानं बांधली. तीही आतून, छापील बाजू चुलीकडं करून. आमचे हे म्हणाले, "वयनी, उलटा लागला की." आक्का म्हणाल्या, "सुलटाच हाय. बसू द्या की त्येस्नी बी हितं." तेव्हापासून दर पावसाळ्यात साहेब आमच्या चुलीसमोर हसत असतात. पहिल्या वर्षी त्यांचा शर्ट पिवळा झाला, मग कपाळ, मग अक्षरं काळी पडत गेली. आक्का भाकरी थापता थापता त्यांच्याशी बोलायच्या. "काय सायेब, आलं का तुमच्या समितीचं काय?" मला हसू यायचं.

यंदा पावसाच्या सुरुवातीला स्वातीताईंचा निरोप आला, की समिती लोकांचं म्हणणं ऐकायला भोरला येणार आहे आणि वाडीतर्फे आक्कांचं नाव दिलं आहे. तोवर आक्कांना दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं. ते विजेवर चालतं. शेवटच्या आठवड्यात खांब पडला, रस्ताही गेला. आदल्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "मशीन लाव." मी म्हटलं, "आक्का, लाईट न्हाई." तर म्हणाल्या, "लाव तरी. आली तर... लगीच हुईल." मी पिन खोचली. त्यांनी मास्क तोंडाला धरला आणि वाट बघत बसल्या. मशीनचा आवाज नाही, वाफ नाही, नुसता मास्क तोंडावर. मध्येच तो बाजूला करून म्हणाल्या, "भोरला... तू जा." मी म्हणाले, "मला न्हाई जमायचं बोलाय." त्यांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मास्क पुन्हा तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी झोळी आली.

त्यांना वर आणलं तेही झोळीतूनच. पाऊस होता, कोरडं लाकूड एकाच ठिकाणी होतं, आमच्या चुलीवरच्या माळ्यावर. ते सगळं उतरवून दिलं.

दहाव्याला फोटो हवा होता. शोधलं तर आक्कांचा एकही फोटो घरात नाही, आधारकार्डही त्या दिवशीच्या धांदलीत कुठंतरी पडलं. आहे तो फ्लेक्सच्या कोपऱ्यात. सरपंच बसायला आले होते. म्हणाले, "त्योच कापून घ्या. श्रद्धांजलीचा बोर्ड लावू, वर सायबांचा फोटू टाकू, सायबास्नी बी बरं वाटंल." आमचे हे विळा घेऊन उठले. मी मध्ये जाऊन उभी राहिले. हलले नाही. यांनी माझ्याकडं बघितलं आणि विळा खाली ठेवला. फोटोशिवायच दहावा झाला. जाताना सरपंच दारात थांबून म्हणाले, "वयनी, भोरला जायाचं मनात असंल तर ऱ्हाऊ द्या. तितं सायेब असत्याल. आपनच आभार मानल्यालं, आन आपनच झालं न्हाई म्हनायचं? वाडीचा रस्ता बी त्येंच्याच हातात हाय." ते चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही. रस्ता खरंच त्यांच्याच हातात आहे. वीज, गाडी, टाकी, सगळं कुणाच्या ना कुणाच्या हातात आहे. म्हणूनच आक्का म्हणायच्या, की ते कायद्यात पाहिजे.

सुनावणी उद्या आहे. आज सकाळी मी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. यांनी विचारलं, "आता ऐन पावसात भित उगडी करतीस? आत पानी यील."

"येऊ द्या," मी म्हणाले.

जमिनीवर पसरून ओल्या फडक्यानं मी आक्कांचा तेवढा गोल पुसला. काजळी निघाली, त्या घाबरल्यासारख्या बघायला लागल्या. बाकीचं तसंच ठेवलं. साहेबांचा चेहरा काळा, आणि 'मंजूर केल्याबद्दल' तर वाचताही येत नाही इतकं काळं. त्या समितीपुढं मला बोलता येणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. पण उलगडता येईल. उलगडला की त्याचा वास सुटतो. इतक्या पावसाळ्यांचा धूर त्यात बसलाय. त्यांना थोडा वेळ तरी आमच्या स्वयंपाकघरात बसावं लागेल.

एस्टी येईल की नाही ठाऊक नाही. नाही आली तर नसरापूरपर्यंत काहीतरी मिळेल.

फ्लेक्स गुंडाळून भिंतीशी उभा केलाय. त्याच्या जागी आता नुसत्या कारवीच्या काठ्या राहिल्यात, लिंपण कधीच गेलंय. मघाशी चहा ठेवला तेव्हा धूर त्या फटींतून सरळ बाहेर गेला, आणि चुलीपाशी बसल्या बसल्या मला आभाळ दिसलं... अगदी थोडं, राखाडी. मग झड आली. चूल विझली. आक्कांचा पाट आहे तिथंच आहे, भिजतोय.